रेवदंडा ते रत्नागिरी किनाऱ्याने : चार जेट्ट्या, पाच दिवस आणि तिथीचा हिशेब

(चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खाडीपलीकडे

कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचे म्हटले की चौकशी फक्त दोन गोष्टींची होते, रस्ता कसा आहे आणि हॉटेल कुठले. या वाटेवर वेळ खातात त्या खाड्या, म्हणून हा धागा.

उत्तरेकडून निघालात तर कुंडलिका रेवदंडा-साळाव पुलावरून ओलांडता येते. त्यापुढे चार ठिकाणी गाडी बोटीत चढवावी लागते:

आगरदांडा – दिघी (राजपुरीची खाडी)
बागमांडला – वेसवी (सावित्री, म्हणजे बाणकोटची खाडी)
दाभोळ – धोपावे (वाशिष्ठी)
तवसाळ – जयगड (शास्त्री)

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरलात तर पाचवी. तासाभराचा प्रवास आहे आणि पनवेल-वडखळची गर्दी टळते. मात्र गाडीची जागा आधीच आरक्षित करा, शनिवारी सकाळी ऐनवेळी मिळत नाही.

मॅपवर दोन गावांमधले अंतर बघून दिवस आखू नका. थांबे न धरता ताशी २५ ते ३० किमी हा इथला खरा वेग. त्यात प्रत्येक जेट्टीसाठी एक तास वेगळा काढा, लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी दोन. मॅपला सोडून दिले तर तो तुम्हाला गुपचूप आत, मुंबई-गोवा महामार्गावर नेऊन टाकतो. त्यामुळे थेट 'रत्नागिरी' न टाकता एकेक जेट्टी मधला थांबा म्हणून टाकत जा.

ढोबळ आखणी अशी. पहिला दिवस अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड. दुसरा जंजिरा, दिघी, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसरा बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. चौथा दापोली, दाभोळ, गुहागर. पाचवा हेदवी, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. पन्हाळेकाजी बघायचे असेल तर दिवस सहा होतात, आणि ते बघावेच.

नवखा१८

साध्या हॅचबॅकने जमेल का? बोटीत गाडी चढवायचीच जास्त धास्ती आहे.

दुसरा_गिअर

जमते. खालून घासण्याचा धोका दोनच वेळी असतो, पूर्ण ओहोटीला आणि गाडीत पाच माणसे बसलेली असताना. चढवताना क्रम असा ठेवा:

१. तिकीट आधी काढून घ्या. गाडीचे वेगळे आणि माणशी वेगळे. सुटे पैसे हवेत, जेट्टीवर नेटवर्क असेलच असे नाही.
२. चालक सोडून सगळ्यांना उतरवा. माणसे उतरली की मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर तरी उचलली जाते, आणि फाळक्याच्या, म्हणजे बोटीच्या उतारावर टेकणाऱ्या दाराच्या, कडेला घासते ती नेमकी तेवढ्यानेच.
३. काही बोटींना फाळका एकाच टोकाला असतो. तिथे गाडी उलटी चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. आरसे उघडे ठेवा आणि बोटीवरच्या एकाच माणसाच्या हाताकडे बघा. चार जण चार दिशांना हात करतात, त्यातल्या तिघांकडे दुर्लक्ष करायचे.
४. पहिला गिअर, क्लच अर्धा आणि एकसारखी गती. उतारावरचा भरतीरेषेखालचा भाग शेवाळलेला असतो. तिथे ब्रेक दाबला की चाक घसरते, एकदम रेस दिली तर जागच्या जागी फिरते.
५. गाडी लागली की हँडब्रेक, गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद. काच थोडी उघडी ठेवा. बोट सुटली की गाडीत बसू नका.

उतरताना घाई नको. फाळका टेकल्याचा आवाज आला तरी बोट थोडी मागे-पुढे होते. दोर बांधला गेला की निघा.

ओहोटी

वरच्या यादीत चौथ्याच्या आधी एक गोष्ट हवी होती, तिथी बघणे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तो भरतीचा वाजता. अष्टमी असेल तर ८ × पाऊण = ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला सव्वादोनला भरती, तर सकाळी आठच्या आसपास ओहोटी. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून. वेळ रोज साधारण ४८ मिनिटे पुढे सरकते, म्हणून हा पाऊण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे छापील भरती-ओहोटीचे तक्तेच बघा.

आता लोक चुकतात ती जागा. ओहोटीची वेळ कळली म्हणजे पाणी हटणारच, असे नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी चढतेही कमी आणि उतरतेही कमी. अलिबागचा कुलाबा किल्ला चालत गाठायचा असेल तर अष्टमीची दुपारी बाराची ओहोटी वेळेला सोयीची दिसते, पण मधल्या खडकात गुडघाभर पाणी राहू शकते. द्वितीया-तृतीयेची सकाळ धरा, त्या दिवसांत वाट कोरडी मिळण्याचा संभव जास्त. आत पाऊण तासाच्या वर रमू नका, आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडा.

बोटींना याच्या उलटे. उधाणाच्या तळओहोटीला फाळका आणि उतार यांच्यात खाच पडते, आणि लांब पुढचा भाग असलेल्या सेडान तिथेच टेकतात. तास-दीड तास थांबलात तर पाणी चढून खाच भरते. लहान गाडीला या वाटेवर सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

तांबडा_कातळ

आता अवशेषांकडे वळतो. लोक रेवदंडा 'पुलाच्या आधीचे गाव' म्हणून ओलांडून जातात आणि या वाटेवरची सगळ्यात जुनी जागा तिथेच सोडतात.

चौल हे ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथातले सिमुल्ला. रेशीम, सुती कापड आणि घोड्यांच्या व्यापाराचे बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला, त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. १५०८ साली याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले आणि व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडावर तटबंदीचे शहर उभे केले, ते रेवदंडा. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले.

आज रस्ता तटातूनच आत शिरतो. कमानीखाली हॉर्न देऊन, समोरचे वाहन बाहेर पडू द्या. आत माडा-पोफळीच्या वाड्यांमधून चर्चच्या भिंती, कमानी आणि सातखणी मनोरा. नाव सातखणी, उभे आहेत चार मजले. बुंध्याशी तोफा पडलेल्या आहेत. बहुतेक अवशेष खासगी वाड्यांत आहेत, त्यामुळे गेट ढकलून आत न जाता विचारून जा, नाही कोणी म्हणत नाही. गाडी किनाऱ्याकडच्या सुरूच्या झाडांच्या बाजूला लावून दीड तास पायी फिरा. गाडीतून यातले काहीच दिसत नाही.

समोरचा कोर्लई म्हणजे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ती अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतली. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली घरात बोलतात. गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरता आहे. कडेला जाळी सुकत असतात, त्यांवर चाक घालू नका. दीपगृहामागून पायऱ्यांनी वीसेक मिनिटांत माथा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि पूर्वेला डोंगरांच्या रांगा, असा देखावा एकाच जागी या पट्ट्यात क्वचितच मिळतो. सकाळी आठच्या आत चढा, माथ्यावर सावली नाही.

माडबन_वाट

काशीदबद्दल एक ओळ: वाळू पांढरी, उतार तीव्र, पाण्याला ओढ जबर. कमरेच्या वर जाऊ नका.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. दाराशी होडी हेलकावत असतानाच उतरावे लागते, तेव्हा हात मोकळे ठेवा आणि मोबाइल खिशात. होडीवाले साधारण तासाभराचीच मुदत देतात. किल्ला २२ एकरांचा, १९ बुरूज, त्यामुळे आधी ठरवून आत शिरा. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव, पश्चिमेचा दर्या दरवाजा, या क्रमाने वेळ पुरतो. पावसाळ्यात किल्ला बंद. वारा चढला तर हिवाळ्यातही होड्या थांबवतात, म्हणून सकाळची पहिली खेप धरा. तटावरून वायव्येला दिसतो तो पद्मदुर्ग, दुसरा जलदुर्ग.

तांबडा_कातळ

आगरदांड्याची बोट बंद असेल तर वैताग करून घेऊ नका. राजपुरीच्या खाडीला वळसा घालून मांदाड-म्हसळा मार्गे दिघीकडे जाता येते, आणि त्या वळशात कुड्याची लेणी पदरात पडतात. खरे तर बोट चालू असली तरी हा फाटा करावा.

२६ लेणी, खाडीकडे तोंड करून डोंगराच्या पोटात. इथले ब्राह्मी लेख वाचण्यासारखे आहेत, कारण दानकर्ते नुसते राजघराण्यातले नाहीत. मांदाडच्या महाभोजांच्या (तिथल्या सत्ताधीशांच्या) जोडीला लेखनिक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी असे लोक आहेत. सहाव्या लेण्यात हत्ती आणि नंतरच्या काळातली बुद्धमूर्तींची शिल्पे. टॉर्च न्या. लेख तिरप्या प्रकाशात स्पष्ट होतात, समोरून फ्लॅश मारला तर अक्षर दिसतच नाही.

नवखा१८

डोंगर आणि समुद्र एकत्र दिसणारा रस्ता नेमका कुठला? व्हिडिओत सगळेच सारखे दिसते.

खाडीपलीकडे

सह्याद्रीची मुख्य रांग किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत आहे. किनाऱ्यावरून ती दिसते ती पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी. मार्चपासून पुढे हवा धुरकट होते आणि क्षितिजावर फक्त करडी पट्टी उरते. बाकी वर्षभर दिसतात त्या समुद्रापर्यंत उतरलेल्या सोंडा. त्यांचे ठळक टप्पे तीन.

दिवेआगर-शेखाडी-श्रीवर्धन हा पहिला आणि माझ्या मते सगळ्यात सरस. रस्ता पाण्याच्या अगदी कडेने, डाव्या हाताला डोंगर. थांबायला रुंद जागा मोजक्याच, वळणावर गाडी लावू नका. दुपारी चार ते सूर्यास्त ही वेळ.

दुसरा केळशी-आंजर्ले. इथे चढ-उतार आहेत आणि गावात रस्ता चिऱ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जातो. समोर एसटी आली तर मागे घ्यायची ती तुम्ही, एसटी नाही. आरसे मिटा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून सुवर्णदुर्ग दिसतो.

तिसरा आरे-वारे. वरच्या वळणावरून दोन किनारे एका नजरेत येतात. वर गर्दी असते, गाडी पांढऱ्या पट्टीच्या पूर्ण आत घ्या.

ओहोटी

दिशेचाही विचार करा. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे राहतो, म्हणजे प्रत्येक थांब्याला समोरची वाहने ओलांडून गाडी लावावी लागते. रत्नागिरीहून उत्तरेकडे आलात तर समुद्र डावीकडे, गाडी सरळ कडेला घेता येते आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला अख्खा किनारा मिळतो.

दुसरा_गिअर

मान्य, पण मग कठड्याच्या बाजूलाही तुम्हीच. अरुंद ठिकाणी समोरून डंपर आला की दरीकडे सरकायचे ते तुम्हाला. घाटाची सवय नसेल तर दक्षिणेकडेच जा, डोंगराला चिकटून.

उतारावर दुसरा गिअर आणि पाय ब्रेकवरून काढलेला. लागोपाठ उतारांवर ब्रेक दाबून राहिलात तर तापून त्याची पकड सुटते. जळका वास आला की थांबा, पंधरा-वीस मिनिटे निवू द्या, वर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते.

इंधन अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. खाडीपलीकडे पंप जवळ दिसतो, पण मध्ये बोट असते.

नवखा१८

आणि किनाऱ्यावर गाडी उतरवली तर? ओल्या वाळूवर चालते म्हणतात.

दुसरा_गिअर

उतरवूच नका. ओली वाळू कडक असते ती पाणी उतरत असताना. चढत्या पाण्यात चाकाखालची वाळू धुऊन निघते आणि गाडी पोटावर बसते. रेस दिली की आणखी खाली. अडकलीच तर रेस बंद, हवा ३२ वरून १८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी किंवा माडाच्या झावळ्या घाला, चाके सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका. खारे पाणी ब्रेक आणि बेअरिंगला लागले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. नुसते जेट्टी ओलांडून आलेल्या गाडीलाही परतल्यावर हे करावेच.

माडबन_वाट

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर पाणी उतरत असतानाच पाय ठेवा. पायऱ्या उतरल्यावर खडकांवरून चालायचे आहे. चढत्या पाण्यात लाट थेट कड्याला भिडते आणि मागे सरकायला जागा नसते. तिथल्या पाट्या मनावर घ्या.

बागमांडला इथून जवळच. बोटीतून सावित्रीत रेंगाळलेल्या पुलाचे खांब दिसतील. बोट बंद असेल तर आंबेत-म्हाप्रळ पुलावरून मंडणगडला जाता येते, पण तो पूल दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहिलेला आहे. श्रीवर्धन सोडण्याआधी दोन्हींची चौकशी करा.

वेसवीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला चुकवू नका. आंग्र्यांनी त्याला हिंमतगड म्हटले. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि लगोलग हाही इंग्रजांकडे गेला, त्यांनी नाव ठेवले फोर्ट व्हिक्टोरिया. गाडी दरवाजापर्यंत जाते. तटावरून सावित्रीचे मुख आणि पलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर.

तांबडा_कातळ

दापोलीपासून आत पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी. आधी हीनयान, मग वज्रयान हे बौद्ध पंथ, मग शैव-गाणपत्य आणि शेवटी नाथपंथ, अशी हजार वर्षांहून जास्त वस्ती एकाच कातळात. ११३९ सालचा शिलाहार ताम्रपट सापडल्यावर अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. शेवटचा उतार तीव्र आणि अरुंद आहे. तीसेक किलोमीटरला सव्वा तास धरा, अंधार पडायच्या आत वर या.

दाभोळला बोटीची रांग असेल तर गाडी रांगेत लावून शाही मशीद बघून घ्या. लोक अंडा मशीदही म्हणतात. एक घुमट, चार मिनार, जेट्टीपासून चालत काही मिनिटांवर. बोट चुकली तर खेड-चिपळूण वळसा आहे आणि अर्धा दिवस जातो.

ओहोटी

हेदवीच्या बामणघळीला, जिथे लाट भेगेत शिरून उंच उसळते, मात्र भरती हवी. ओहोटीला तिथे फक्त खडकातली अरुंद भेग दिसते. उधाणाच्या भरतीला, पाणी पूर्ण चढण्याच्या तासभर आधी जा. खडक जिथपर्यंत ओला आहे त्याच्या मागे उभे राहा. ओली रेषा म्हणजे मागच्या लाटेची पोच, पुढची त्याहून मोठी असू शकते.

म्हणजे पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला हेदवीला साधारण बाराच्या आसपास पोचायचे, आणि मग तवसाळची बोट दोन-अडीचला. पाणी नुकते उतरू लागलेले असते, उतार झाकलेला असतो, गाडी सपाट चढते.

नवखा१८

तवसाळची बोट नसेल तर?

माडबन_वाट

आबलोलीकडून भातगाव-राई पुलावरून जाकादेवी, तिथून गणपतीपुळे. जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर मग मागे येऊन करावे लागतील.

तांबडा_कातळ

सहावा दिवस मिळाला तर रत्नागिरीला थांबू नका, भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड करत कशेळीपर्यंत जा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलेला आहे, त्याच्या अंगात आणखी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चप्पल काढा, रेषांवर उभे राहू नका, खडू किंवा पाणी टाकून उठाव आणू नका. उन्हे कलती असताना गेलात तर रेषा आपोआप उठतात, दुपारी बाराला तिथे नुसता तापलेला दगड दिसतो.

दुसरा_गिअर

सड्यावर गाडी नेऊ नका हेही लिहा. पावसाळ्यानंतर गवत वाढते आणि गवताखालची शिल्पे गाडीतून दिसत नाहीत. गाडी डांबरावर ठेवायची, शेवटचे पाचशे मीटर पायी.